अंजनगावचा तह आणि न टिकणारी चित्रे

वऱ्हाडात शहानूर नदीच्या दोन काठांवर वसलेल्या अंजनगाव आणि सुर्जी या जोडगावांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एका तारखेमुळे कायमचे नोंदले गेले आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरच्या अखेरीस आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड, अशा तीन आघातांनंतर मराठ्यांना वाटाघाटींना बसणे भाग पडले. नागपूरकर भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावचा तह केला होता. शिंद्यांच्या वकिलांनी तेरा दिवसांनी अंजनगावात सह्या केल्या. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर असे मोठे प्रदेश एका कागदाने हातचे गेले. कंपनीच्या वतीने सही करणारा सेनापती होता मेजर जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

या तहाचे छायाचित्र नाही, हे सांगण्याची गरज नाही. १८०३ मध्ये ते कोठून असणार, असेच कोणीही म्हणेल. परंतु हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. छायाचित्रासाठी लागणारी पेटी, भिंग आणि उजेडाने काळे पडणारे चांदीचे क्षार या तिन्ही गोष्टी त्या दिवशी जगाला ठाऊक होत्या. इतकेच नव्हे, तर उजेडाकडून चित्र काढून घेण्याचा प्रयोग लंडनमध्ये दीड वर्षापूर्वी छापूनही आला होता. अडचण होती ती एकाच गोष्टीची: उमटलेले चित्र टिकत नव्हते.

छायाचित्रणाचा आरंभ सांगताना सहसा कॅमेऱ्याचा शोध कोणी लावला, असे विचारले जाते. हा प्रश्नच थोडासा चुकलेला आहे, कारण कॅमेरा फार जुना आहे. वऱ्हाडातल्या कौलारू घरात भर दुपारी दार लावून बसले की कौलांच्या फटीतून जमिनीवर उजेडाचे कवडसे पडतात. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा बहुधा गोल असतो. अंजनगावच्या पानमळ्यांत, नागवेलीच्या दाट सावलीतही असेच गोल ठिपके मातीवर दिसतात. हे ठिपके म्हणजे भोकाचा आकार नव्हे, ती सूर्याची प्रतिमा आहे. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणात झाडाखालच्या सावलीकडे ज्यांनी लक्ष दिले असेल, त्यांना प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झालेला आठवत असेल. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरच्या टोकाकडून आलेला किरण बारीक छिद्रातून पार होऊन खाली पडतो आणि खालचा वर. समोरच्या भिंतीवर बाहेरच्या जगाचे उलटे चित्र उभे राहते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका खोलीतील भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा आजही पाहावयास मिळते.

अरब पंडित इब्न अल हैथम याने अकराव्या शतकाच्या आरंभी या गोष्टीचा सविस्तर विचार केला होता. युरोपात छिद्राच्या जागी भिंग आले, खोलीची पेटी झाली, पेटीत तिरपा आरसा बसला आणि वर घासलेली काच लागली. चित्रकाराने काचेवर पातळ कागद ठेवायचा आणि पडलेली प्रतिमा पेन्सिलीने गिरवायची. हाच 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली. थॉमस व विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे १७८६ ते १७९३ या काळात अशी पेटी घेऊन हिंदुस्थानभर फिरले आणि त्यांनी किल्ले, घाट, देवळे रेखाटली. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स आणि त्याच्याबरोबर वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रे काढणारा पुण्याचा गंगाराम तांबट हे त्याच दशकातले. वेल्सच्या वेरूळच्या रेखाचित्रांवरून थॉमस डॅनिएलच्या देखरेखीखाली कोरलेला चित्रसंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो १८०३ मध्येच. दख्खन इंग्रजांच्या हाती पडत असताना दख्खनची चित्रेही विलायतेत पोहोचत होती, हा योगायोग पूर्णपणे योगायोग नव्हे.

या सर्व चित्रांत हात मात्र माणसाचाच होता. पेटी प्रतिमा दाखवीत असे. ती धरून ठेवण्याचे काम पेन्सिलीचे. (पेटी उलटी वापरली, म्हणजे आत दिवा ठेवून काचेवरचे चित्र बाहेर भिंतीवर पाडले, की 'मॅजिक लँटर्न' होतो. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने जे खेळ गावोगाव केले, ते याच तत्त्वावरचे. तो निराळा विषय आहे.)

दुसरी गोष्ट चांदीची. मतदान करून आलेल्या माणसाच्या बोटावरची शाई पाहावी. ती लावताना जांभळट असते आणि थोड्या वेळाने काळी होते, कितीही घासली तरी जात नाही. १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात असलेल्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीवरच्या मिठाशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड तयार होते आणि उजेड लागताच त्यातली चांदी सूक्ष्म काळ्या कणांच्या रूपाने सुटी होते. छायाचित्रणाचे निम्मे रसायनशास्त्र दर निवडणुकीत प्रत्येक मतदार आपल्या बोटावर वागवीत असतो, असे म्हणण्यास हरकत नाही. तेजाबात चांदी विरघळविणाऱ्या सोनाराची बोटे काळी पडतात, हे पिढ्यान् पिढ्या माहीत होते. पण काळे पडण्याचे कारण हवा की उष्णता की उजेड, हे कोणी तपासले नव्हते. जर्मन वैद्य योहान हाइनरिख शुल्ट्झे याने १७१७ च्या सुमारास ते तपासले. खडू आणि चांदीचे द्रावण भरलेल्या बाटलीभोवती त्याने कागदात कापलेली अक्षरे गुंडाळली. उजेड जेथे पोहोचला तेथेच द्रावण काळे झाले आणि बाटलीत अक्षरे उमटली. बाटली हलविली की ती नाहीशी होत. स्वीडनच्या कार्ल शेले याने १७७७ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदविली: अमोनिया टाकला की काळे न पडलेले सिल्व्हर क्लोराइड विरघळून जाते, काळी चांदी मात्र तशीच राहते.

ही शेवटची नोंद वाचकांनी ध्यानात ठेवावी.

इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभकार-कारखानदार जोसाया वेजवूड याचा मुलगा टॉमस वेजवूड याला पेटी आणि चांदी एकत्र आणण्याची कल्पना सुचली. त्याने पांढऱ्या कागदावर आणि पांढऱ्या चामड्यावर सिल्व्हर नायट्रेट फासले, त्यावर झाडाचे पान, किड्याचा पंख किंवा काचेवर रंगविलेले चित्र ठेवून ते उन्हात धरले. उघडा भाग काळा झाला, झाकलेला पांढरा राहिला, पानाच्या शिरा न् शिरा उमटल्या. त्याचा मित्र हम्फ्री डेव्ही हा पुढे नामवंत रसायनशास्त्रज्ञ म्हणून गाजला. या दोघांच्या प्रयोगांचा वृत्तांत त्याने जून १८०२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात छापला. कॅमेरा ऑब्स्क्युरातली प्रतिमा फार मंद असल्याने तिचा कागदावर परिणाम होत नाही, हे त्यात प्रांजळपणे सांगितले आहे. त्याहून मोठी अडचण दुसरी. पानाचे चित्र पाहायचे म्हणून कागद उजेडात आणला की पांढरा राहिलेला भागही काळा होऊ लागे. चित्र अंधारात ठेवावे लागे आणि पाहायचेच झाले तर मेणबत्तीच्या उजेडात क्षणभर. कागद धुऊन पाहिला, रोगण लावून पाहिले. उपयोग झाला नाही.

शेलेची नोंद त्या वेळी पंचवीस वर्षांची जुनी होती. अमोनियाने उरलेला क्षार धुऊन टाकता येतो, हे डेव्हीसारख्या रसायनज्ञाने वाचले नसेल तर आश्चर्य, आणि वाचून लक्षात घेतले नसेल तर त्याहून मोठे आश्चर्य. वेजवूड १८०५ मध्ये ऐन तारुण्यात वारला. डेव्हीचे लक्ष विजेकडे वळले. अंजनगावच्या तहावर सह्या होत होत्या तेव्हा छायाचित्रण अशा अवस्थेत होते की, चित्र काढणे साधले होते आणि थांबविणे साधले नव्हते. आज छायाचित्र म्हणजे क्षण पकडणे असे सर्रास म्हटले जाते. खरे तर उजेड स्वतःहून चित्र काढीतच असतो. काढून झाल्यावर त्याला थांबवायचे कसे, हा खरा पेच होता आणि तो सुटण्यास आणखी एका पिढीचा काळ लागला.

या पिढीभराच्या काळाने तहातील दोन पक्षांच्या बाबतीत एक विचित्र निवाडा केला. आर्थर वेलस्लीचे तैलचित्र रॉबर्ट होम या चित्रकाराने १८०४ मध्ये, दख्खनच्या मोहिमेच्या पाठोपाठ रंगविले. दौलतरावांचीही देशी कलावंतांनी काढलेली चित्रे आहेत. तेथपर्यंत दोघे बरोबरीचे. दौलतराव १८२७ मध्ये, अवघ्या पन्नाशीच्या आत वारले. वेलिंग्टन दीर्घायुषी ठरला. दौलतरावांचा खरा चेहरा कसा होता, हे चित्रकाराच्या कुंचल्यावर विश्वास ठेवूनच मानावे लागते. वेलिंग्टनचा चेहरा मात्र उजेडाने स्वतः नोंदविलेला आहे, आणि तो कसा नोंदविला गेला हे पाहण्यासाठी दौलतरावांच्या मृत्यूच्या सुमारास फ्रान्समधील एका खेड्यात काय चालले होते, ते सांगितले पाहिजे.

निसेफोर निएप्स हा तेथील जमीनदार. त्याने १८१६ मध्ये चांदीच्या क्षाराने प्रयोग सुरू केले, पण वेजवूडप्रमाणेच त्यालाही ते टिकविता आले नाहीत. तेव्हा त्याने चांदी सोडली आणि डांबराच्या जातीचा एक खनिज पदार्थ घेतला. हा पदार्थ उजेडात घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावर तेलात विरघळत नाही. निएप्सने कथील मिसळलेल्या धातूच्या पत्र्यावर त्याचा पातळ थर दिला, पत्रा पेटीत ठेवला आणि पेटीचे तोंड माडीच्या खिडकीकडे केले. १८२६ किंवा १८२७ मधली ही गोष्ट. पेटी निदान आठ तास, बहुधा त्याहूनही पुष्कळ अधिक वेळ उघडी होती. एवढ्या अवधीत सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला गेल्यामुळे चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसते. नंतर लव्हेंडरच्या तेलाने पत्रा धुतला. घट्ट झालेले राहिले, मऊ राहिलेले वाहून गेले. छपरे, खुराड्याचा मनोरा, आकाश यांचे ते धूसर चित्र जगातील कॅमेऱ्याने काढलेले आणि आजवर टिकलेले सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. हेल्मुट गेर्नशाइम या अभ्यासकाने ते १९५२ मध्ये एका ट्रंकेतून शोधून काढले. आता ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पत्रा सरळ समोरून पाहिला तर काहीच दिसत नाही. तिरपा धरला की छपरे उमटतात.

निएप्सने १८२९ मध्ये पॅरिसच्या लुई दागेर याच्याशी भागीदारी केली आणि १८३३ मध्ये तो वारला. दागेरने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याला आयोडीनची वाफ दिली, पत्रा पेटीत थोडा वेळ उघडा ठेवला आणि अद्याप न दिसणारी प्रतिमा पाऱ्याच्या वाफेने उठविली. आठ तासांचे काम काही मिनिटांवर आले. फ्रेंच सरकारने त्याला निवृत्तिवेतन देऊन ही कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगासाठी खुली केली. इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३५ मध्येच कागदावर आपल्या घराच्या खिडकीचे बोटभर लांबीचे चित्र काढले होते. दागेरची बातमी येताच त्यानेही आपली पद्धत घाईने जाहीर केली. टॅल्बटच्या कागदावर उजळ तेथे काळे आणि काळे तेथे पांढरे येई. पण तो कागद दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरला की सरळ चित्र मिळे, आणि हवी तितकी मिळत. निगेटिव्ह ही कल्पना येथून सुरू होते. सावली स्थिर करण्याची कला, असे टॅल्बटने आपल्या कृतीचे वर्णन केले होते. मराठीने 'फोटोग्राफी'चा शब्दशः 'प्रकाशलेखन' असा अनुवाद न करता 'छायाचित्र' हा शब्द घेतला, तो नकळत टॅल्बटच्या मूळ भावनेशी अधिक प्रामाणिक आहे.

सावली खऱ्या अर्थाने स्थिर केली ती जॉन हर्षेल याने. या खगोलशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये एका नव्या क्षाराविषयी लिहिताना तो चांदीचे क्षार पाण्यातल्या साखरेसारखे विरघळवितो, असे नोंदवून ठेवले होते. जानेवारी १८३९ मध्ये दागेरची बातमी कानी येताच त्याला आपली वीस वर्षांपूर्वीची नोंद आठवली. तोच 'हायपो'. वेजवूडच्या कागदाला जे हवे होते, ते हेच. हायपोच्या पाण्यात बुडविलेला कागद पुन्हा काळा होत नाही. उरलेली चांदी निघून जाते आणि चित्रापुरती चांदी मागे राहते. डिजिटल कॅमेरा येईपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे जगातल्या प्रत्येक डार्करूममध्ये हायपोचे ताट होते. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दही हर्षेलनेच रूढ केले.

१ मे १८४४ रोजी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, ड्यूक ऑफ वेलिंग्टन लंडनमध्ये आंत्वान क्लोदे या छायाचित्रकारापुढे बसला. पांढरा गळपट्टा, काळा कोट, पिकलेले केस. दागेरच्या पद्धतीने काढलेल्या चित्राची प्रत निघत नाही. पत्रा हेच चित्र. असई, अडगाव आणि गाविलगड ज्या डोळ्यांनी पाहिले, ते डोळे त्या पत्र्यावर आहेत. अंजनगावात समोर बसलेल्या शिंद्यांच्या वकिलांपैकी कोणाचाही चेहरा आज ठाऊक नाही.

हिंदुस्थानात ही विद्या यायला वेळ लागला नाही. १८४० च्या आरंभीच कोलकात्याच्या वृत्तपत्रात दागेरच्या यंत्राची जाहिरात झळकली होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये, कोलकाता आणि मद्रास येथील संस्थांच्या आधी. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांत होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कसलेले छायाचित्रकार होते आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर काम करीत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून पुढे आलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्यांची चित्रे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. ज्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाने ती संस्था उभी राहिली, तो १८०३ मध्ये चोवीस वर्षांचा तरुण म्हणून वेलस्लीच्या छावणीत होता आणि असईपासून गाविलगडापर्यंत त्याच्या सोबत फिरला होता. पराभवानंतर जेमतेम अर्धशतकाने त्याच्या नावाच्या शाळेत मराठी मुले कॅमेरा शिकत होती. यात सूड नाही, पण चेहरा कोणाचा आणि कॅमेरा कोणाच्या हाती, हे बदलू लागले होते एवढे खरे.

वऱ्हाडाच्या वाट्याला आलेला पहिला मोठा छायाचित्रकार मात्र इंग्रज लष्करी अधिकारी होता. त्याचे नाव रॉबर्ट गिल. मराठी वाचकाला तो ठाऊक आहे तो ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे आणि त्यावरून २०१२ मध्ये आलेल्या चित्रपटामुळे. अजिंठ्याची चित्रे काढणारा गोरा साहेब आणि पारो, एवढीच त्याची ओळख झाली. कॅमेरा बाजूला राहिला.

अजिंठ्याचे डोंगर वऱ्हाडाच्या बुलढाणा भागाला लागून आहेत. असईच्या लढाईतील इंग्रज जखमींना अजिंठा गावात ठेवले होते. लेणी तेथून थोड्याच कोसांवर, पण इंग्रजांच्या कागदोपत्री ती आली १८१९ मध्ये, ज्या वर्षी हर्षेलने हायपोची नोंद केली त्याच वर्षी. मद्रास लष्करातील गिलला १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यात आले. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करण्यात त्याची जवळजवळ वीस वर्षे गेली. पुढे त्याच्या हाती दोन भिंगांचा, म्हणजे स्टिरिओस्कोपिक कॅमेरा आला. दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेली दोन चित्रे एका साधनातून पाहिली की खोली जाणवते. लेण्यांसारख्या विषयाला याहून योग्य साधन नव्हते. लोणारची देवळेही त्याने या कॅमेऱ्याने टिपली. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनमध्ये निघाली.

त्या काळची रीत ओल्या काचेची होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ती शोधली. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ते अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे आणि काच ओली आहे तोवर चित्र घेऊन लगेच धुवायचे. काच वाळली की सारे फुकट. थंड लंडनमध्ये यासाठी दहा मिनिटे मिळत. वैशाखातल्या दख्खनमध्ये द्रावणातला ईथर पाहता पाहता उडून जातो. छायाचित्रकाराबरोबर तंबू, काचांची खोकी, बाटल्या आणि पाणी असा लवाजमा चालत असे. पाण्याशिवाय छायाचित्र नाही, ही गोष्ट अजिंठ्यात वाघूर नदीमुळे निभावली असणार.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हाती कॅमेरा असताना गिलने इतकी वर्षे कुंचला का चालविला? छायाचित्र येण्यापूर्वीच काम सुरू झाले होते, हे एक उत्तर. पण ते अपुरे आहे. ओली काच फक्त निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला दाद देते. तांबडा आणि पिवळा तिला जवळपास दिसतच नाहीत. अजिंठ्याची चित्रे आहेत गेरूच्या तांबड्या, पिवळ्या आणि तपकिरी रंगांची. काचेवर हे सारे रंग काळोखात बुडून जातात आणि जो निळा डोळ्याला गडद वाटतो तो फिकट पांढरा उमटतो. पद्मपाणीच्या चेहऱ्यावरची जी छटा डोळ्याला उजळ दिसते, तीच काचेला अंधारी दिसे. याच कारणाने त्या काळच्या छायाचित्रांत हिंदी माणसांचे वर्ण असतात त्याहून अधिक सावळे दिसतात. चेहऱ्यांवरून वंशांची वर्गवारी करू पाहणाऱ्या साहेबांनी ही गोष्ट किती ध्यानात घेतली, हा संशोधनाचा विषय आहे. तेव्हा खांब, कोरीव काम, चैत्यकमानी यांच्यासाठी कॅमेरा आणि रंगांसाठी कुंचला, अशी ही वाटणी होती.

गिलचे कॅनव्हास लंडनला गेले आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीला आग लागली. तारीख अंजनगावच्या तहाचीच, त्रेसष्ट वर्षांनंतरची. वीस वर्षांच्या श्रमांतून जेमतेम चार-पाच चित्रे उरली. त्यातली चार लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. रंगांची नोंद जळाली. रंग न दिसणाऱ्या कॅमेऱ्याची नोंद राहिली, कारण तिच्या अनेक प्रती निघाल्या होत्या. कागदाच्या एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची टॅल्बटची युक्ती किती मोलाची होती, ते अशा प्रसंगी कळते. गिलनंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा रंगीत नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याने टिपलेल्या खांबांचे आणि भिंतींचे काही भाग पुढे ढासळले किंवा दुरुस्तीत बदलले, तेव्हा ते मूळ कसे होते हे पाहण्यासाठी अभ्यासकांना या पिवळट पडलेल्या जोडचित्रांकडेच वळावे लागते.

ओल्या काचेची सक्ती संपली ती रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचेमुळे. काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली, कारखान्यात बनू लागली, खोक्यात घालून रेल्वेने पाठविता येऊ लागली. तंबू, ईथर आणि बाटल्यांचा लवाजमा मागे पडला आणि तालुक्याच्या गावीही पडदा, खुर्ची आणि कुंडी मांडून स्टुडिओ थाटता येऊ लागला. ज्यांना तेवढेही परवडत नसे, त्यांच्यासाठी रस्त्यावरचा पेटीवाला होता. देशातल्या अनेक शहरांत कचेऱ्यांबाहेर आणि जत्रांत हे छायाचित्रकार विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तीन पायांवर लाकडी पेटी मांडून बसलेले दिसत. त्या एकाच पेटीत कॅमेरा होता आणि डार्करूमही. कारागीर बाहीतून हात आत घालून कागदावरच निगेटिव्ह काढी, आतच धुई, मग तो ओला कागद भिंगासमोरच्या फळीला चिकटवून त्याचाच पुन्हा फोटो घेई. काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे होऊन गिऱ्हाइकाचा चेहरा सरळ येई. अर्ज घेऊन उभा असलेला शेतकरी तोवर शेजारीच थांबलेला असे. कागद शेवटी हायपोच्या डब्यात बुडवून बादलीतल्या पाण्याने धुतला जाई आणि ओलाच त्याच्या हाती पडे.